मुदतीआधी मोडल्यास

हिशेबात मी लहानपणापासून पक्की. ही फुशारकी नव्हे. पुढे जे सांगायचंय त्यात हा माझा गुण कमी आणि गुन्हा जास्त आहे. कल्याणला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो, बाबा रेल्वेत खलाशी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची आणि ताई एकोणीस. ताईने डी.एड. केलं, पालिकेच्या शाळेत लागली, आणि माझ्या वेण्या, माझे डबे, माझ्या नर्सिंगची फी हे सगळं करता करता तिचं लग्न राहून गेलं. घरात सगळे 'राहून गेलं' असंच म्हणतात. माझ्यामुळे राहिलं असं तोंडावर कोणी बोलत नाही.

माझं लग्न झालं, लेक झाली, आणि ती दीड वर्षाची असताना मी मेलबर्नला शिकायला निघाले. तेव्हा तिकडे जायची नुसती लाट होती. ज्याला घरी चहा टाकता येत नव्हता तो कुकरीच्या कोर्सला निघालेला, आकड्यांना घाबरणारा अकाउंटिंगला. मी निदान नर्स होते आणि नर्सिंगच्याच मास्टर्सला लागले होते. नवऱ्याला माझ्या व्हिसावर येऊन काम करता येणार होतं. प्रश्न होता पोरीचा. ताई म्हणाली, "ठेव माझ्याजवळ. सहा महिन्यांत बस्तान बसवा नि घेऊन जा. मी काय खाऊन टाकतेय का तिला?"

मी ठेवली. विमानतळावर निघताना ती झोपलेली होती आणि मी तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता, हे मला ठाऊक होतं.

मेलबर्नला एका घरात आम्ही तीन जोडपी राहायचो. नवरा गोदामात पेट्या उचलायचा, मी युनिव्हर्सिटी, म्हणजे तिकडची 'युनी', सांभाळून वृद्धाश्रमात शिफ्ट करायचे. पहिल्याच महिन्यात मी चाइल्डकेअरची चौकशी केली. एका दिवसाचा दर ऐकून मी लगेच सवलतीचं विचारलं. सरकारी सवलत होती, पण आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना नाही. मी वहीत मांडून बघितलं: माझी एक शिफ्ट वजा पोरीचा एक दिवस, बाकी जवळपास शून्य. म्हणजे मी दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालायला जाणार आणि ते पैसे माझ्या पोरीला दुसऱ्यांनी भरवायला देणार. म्हटलं, सहाचे आठ महिने होऊ देत, काय बिघडतंय.

त्याच सुमारास मला त्या ठेवींचा शोध लागला. वृद्धाश्रमात माझ्याबरोबर एक केरळची सिस्टर होती, तिने चहाच्या सुट्टीत सांगितलं. परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी आपल्याकडच्या बँकांत एनआरई नावाचं खातं असतं. त्यातल्या मुदत ठेवीवरच्या व्याजावर भारतात कर नाही. आणि आपण इथे तात्पुरत्या व्हिसावर, तेव्हा बाहेरच्या व्याजावर ऑस्ट्रेलियाही कर लावत नाही. दोन्हीकडून माफ! मी दोनदा विचारून खात्री केली. अहो, ज्या घरात शिल्लक म्हणजे पोळीच्या डब्यातली शिल्लक, त्या घरातली मी. दोन देशांची सरकारं मला म्हणताहेत, बाई, हे व्याज तुझं, सगळं तुझं. मला हसूच आवरेना. अट एकच होती. वर्ष पुरं व्हायच्या आत ठेव मोडली तर एक पैसाही व्याज नाही. फॉर्मवर तसं छापलेलंच होतं आणि त्याखाली माझी सही.

मग दर रविवारी सकाळी माझी ती वही निघायची. डावीकडे इथल्या बँका, उजवीकडे तिकडच्या. इथे व्याज जास्त दिसायचं, पण त्याच्यावर कर. शिवाय इथल्या बचत खात्याची एक गंमत होती: महिनाभर एक डॉलरही काढला नाही तरच बोनस व्याज, काढला की गेला. तिकडे दर कमी, पण सगळा आपला. वर डॉलरचा भाव. मी पेन्सिलीने खोडत, परत मांडत बसायचे. नवरा खिमा-पावाचं बघता बघता म्हणायचा, "काय गं, परीक्षा आहे का तुझी?" मी म्हणायचे, "गप रे. तुला अर्धा टक्का म्हणजे काय कळतं?" त्याला खरंच कळत नव्हतं. त्याचं एकच पालुपद होतं, "पोरीला आणू या. जे होईल ते होईल." मला त्याचा रागच यायचा. जे होईल ते होईल म्हणणारी माणसं मी क्वार्टरमध्ये रग्गड पाहिली होती, आणि त्यांचं काय झालं तेही.

आठ महिन्यांचं वर्ष झालं. पहिली ठेव पिकली, मी ती व्याजासकट परत ठेवली. मग दुसरी. रविवारी ताईला फोन करायचे, 'जय भीम' झालं की आधी पोरीचं विचारायचे, दात किती आले, ताप गेला का. आणि मग माझी गाडी ठेवींवर यायची. ताईला मी सही करायला, कागद नेऊन द्यायला बँकेत पिटाळायचे. "ताई, अमक्या बँकेत दर विचार. ताई, ती मार्चमधली मुदत कधी भरते बघ." ताई बिचारी शाळा सुटली की पोरीला कडेवर घेऊन कल्याणच्या सगळ्या बँकांच्या पायऱ्या चढायची. माझ्या लेकीची लहानपणची एक आठवण म्हणजे बँकेतलं टोकन घेऊन बाकावर बसणं. हे तिनेच मला फार पुढे सांगितलं.

दोन वर्षांनी मी तीन आठवड्यांसाठी घरी गेले. दार उघडलं तर ताईच्या ड्रेसच्या ओढणीमागे दोन डोळे. मी हात पसरले, "ये ना, मम्मी आलीय." फोटो दाखवून दाखवून ताईने तिला 'मम्मी' शिकवलं होतं. ती आली, माझ्या पाया पडली, आणि परत ओढणीमागे. पाया! साडेतीन वर्षांची पोर आईच्या पाया पडली, जशी पाहुण्यांच्या पडतात. मी हसले, सगळे हसले. शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काही म्हण, माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते काही खोटं नाही." त्यांनी कौतुकाने म्हटलं. आपल्याकडे मावशीचं कौतुक तसंच करतात, मी स्वतः शंभरदा केलंय. पण त्या दिवशी मी कपबशी आदळली आणि म्हणाले, "मेले नाहीये मी अजून." काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्या गेल्यावर ताई माझ्यावर चिडली, "त्यांच्यावर कशाला डाफरतेस? मी रोज राहते त्यांच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पोरीला सोडायला मी गेले. सुटल्यावर आणायला माझ्याबरोबर ताईही आली, आणि पोरगी लांबून ओरडत सुटली, "आई! आई, बघ मी काय केलं!" ताई जागच्या जागी थिजली. घरी येऊन म्हणाली, "मी नाही गं शिकवलं. शप्पथ. सगळी पोरं आणायला येणारीला आई म्हणतात, तर ही पण म्हणायला लागली." मी म्हटलं, "असू दे गं, त्यात काय." त्यात काय! मोरीत जाऊन नळ सोडून मी रडले, आणि तोंड धुऊन बाहेर येऊन ताईला विचारलं, "सप्टेंबरची पावती कुठेय?"

म्हणजे बघा, मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण माझं गणितच असं पक्कं बसलं होतं. मेलबर्नला चांगल्या सरकारी शाळा हव्या तर त्या शाळेच्या हद्दीत घर हवं, आणि तशा शाळेच्या ग्लेन वेव्हर्ली भागात भाडंही परवडत नव्हतं, विकत घेणं तर दूर. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, बाबांनी आणि ताईने मला शिकवलं. मी माझ्या पोरीला कुठल्या तरी शाळेत टाकणार नव्हते. पैसा साठवायचा काळ हाच, व्हिसा तात्पुरता आहे तोवर. पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळाली की तिकडच्या व्याजावर इथे कर लागणार. म्हणून जितके दिवस आपण या देशाचे नाही तितके दिवस फायद्याचे. हे वाक्य मी नवऱ्याला खरोखर म्हटलेलं आहे. तो गॅसवरची भाजी हलवत राहिला.

माझी डिग्री झाली, मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, पुढचा व्हिसाही तात्पुरताच. आता दोघांचे पूर्ण पगार. त्या वर्षी आम्ही ठरवलं: जानेवारीत पोरीला आणायचं. ती पाच वर्षांची झाली होती. तिच्या व्हिसाचे कागद तयार, नवऱ्याने एका मित्राकडून लहान पलंग आणून ठेवला, त्याच्यावर गुलाबी चादर घातली. इतका खूश होता की गोदामातल्या सगळ्यांना त्याने लाडू वाटले. "नो वरीज, मेट, डॉटर कमिंग," असं ज्याला त्याला सांगत सुटला होता.

आणि डिसेंबरमध्ये त्या ठेवींचे दर एकदम वर उडाले. नियम बदलले, बँकांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, आणि एका महिन्यात दर कुठल्या कुठे गेले. माझा वहीवर विश्वास बसेना. इथे कर भरून जे हातात उरत होतं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि एक पैसा कर नाही. वर रुपया घसरलेला, डॉलरला कधी नव्हे इतके रुपये. मी घरातलं सगळं गोळा केलं. पोरीच्या तिकिटाचे, तिच्यासाठी मोठं घर भाड्याने घ्यायला भरायच्या डिपॉझिटचे, सगळे. नवऱ्याला म्हटलं, "फक्त एक वर्ष. एकच. ही संधी परत नाही यायची. त्यात पीआर झालं की संपलंच."

"आणि पोरगी?"

"ती तिथे मजेत आहे. पहिलीत जाईल पुढच्या वर्षी, तीही ताईच्याच शाळेत. एका वर्षाने काय होतंय?"

तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "डोंबल तुझं! टक्के मोजतेस टक्के!" आणि मग नेहमीसारखा गप्प बसला, आणि माझ्या शब्दाखातर फॉर्मवर सही केली. त्याने तेव्हा ऐकलं नसतं तर बरं झालं असतं असं मला फार वेळा वाटलं आहे. पण स्वतःचं पाप त्याच्या गप्प बसण्यावर ढकलणं हा निर्लज्जपणाच झाला.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, दर सांगितले, मुदत सांगितली. ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मला वाटलं, तिला वाईट वाटलं, ती थकली, तिला सुटका हवी होती. पुष्कळ वर्षांनी एकदा बोलता बोलता ताई म्हणाली, "तुला सांगू का? त्या दिवशी मी शिरा केला होता गं. फोन ठेवला आणि शिरा केला. पोरगी विचारते, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, असाच." हे सांगून ती माझ्याकडे बघेना. माझी मोठी बहीण, जिने जन्मात कोणाचं काही घेतलं नाही, तिला माझ्या हावेतून एक वर्ष मिळालं होतं आणि त्याचीही तिला लाज वाटत होती.

वर्ष भरलं. ठेव पिकली, एक पैसा कर न भरता. पुढच्या जानेवारीत मी लेकीला आणायला गेले तेव्हा ती साडेसहाची होती. वाचायची, लिहायची, झोपण्याआधी ताईबरोबर हात जोडून वंदना म्हणायची. निघायच्या दिवशी ताई विमानतळावर आली नाही. शाळेत स्नेहसंमेलन आहे म्हणाली. मी तिच्याच शाळेत शिकलेली; स्नेहसंमेलन डिसेंबरात होतं हे मला माहीत नसेल का? तिने पोरीला दारातच भांग पाडून दिला, रिबीन बांधली आणि आत गेली. पोरीला वाटलं ती पर्स आणायला गेलीय. टॅक्सी सुटेपर्यंत ती खिडकीतून दाराकडे बघत होती.

ग्लेन वेव्हर्लीत, हव्या त्या शाळेच्या हद्दीत, आम्ही छोटं युनिट, म्हणजे फ्लॅटच, भाड्याने घेतलं होतं. पोरीने इतका शहाणपणा दाखवला की मला भीती वाटायला लागली. रडणं नाही, हट्ट नाही. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, "उघडू का?" टीव्ही लावू का, बाथरूमला जाऊ का, हा टॉवेल मी घेतला तर चालेल का. जेवण झालं की ताट धुऊन ठेवायची. नवरा म्हणायचा, "अगं राणी, आपलंच घर आहे," तर मान डोलवायची आणि परत विचारायची. मी हॉस्पिटलात रोज दाखल झालेली माणसं बघते, ती अशीच वागतात. त्यांना लवकर घरी जायचं असतं.

साधारण तीन आठवडे झाले असतील. शनिवारी सकाळी मी तिच्या केसांना तेल लावत होते. तिने पाठमोरीच विचारलं, "मम्मी, माझी मुदत कधी भरते?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कसली मुदत?"

"इथली. आई म्हणायची, मुदत भरली की मम्मी पैसे काढते. मग माझी भरली की मी परत जाणार ना?" आणि मग शहाण्यासारखी म्हणाली, "मध्येच नाही जायचं, मला माहितीये. मध्ये मोडलं तर काही मिळत नाही."

नवरा कपडे वाळत घालायला म्हणून बाहेर गेला. धुतलेले कपडे नव्हतेच त्या दिवशी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले, तेलाचा हात. साडेसहा वर्षांत तिच्या कानावर माझं जे बोलणं पडलं, त्यातूनच ती बोलायला शिकली होती. मी म्हटलं, "तुझी मुदत नाही बाळा. तू कायमची आलीस." आणि तेव्हा ती रडली. तीन आठवड्यांचं सगळं एकदम. मी जवळ घ्यायला गेले तर माझे हात ढकलून पलंगाखाली जाऊन बसली आणि "आई, आई" करत राहिली. मी शेजारी फरशीवर बसून होते, आणि ती हाक मला नव्हती.

ताईला फोन लावून दिला तर दोघी बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि फोन ठेवल्यावर पोरगी दोन दिवस जेवायची नाही. मग ताईनेच फोन कमी केले. आधी रोजचा आठवड्याने, मग महिन्याने. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिला तुझी सवय होऊ दे. माझं काय, माझ्याकडे चाळीस पोरं आहेत वर्गात." मी तिला इकडे बोलवायचं म्हटलं तर दर वेळी काहीतरी निघायचं: मतदार याद्यांचं काम, निवडणुकीची ड्यूटी, गुडघे. ती एकदाही आली नाही.

मुलं रुळतात, तशी पोरगी रुळली. वर्षभरात इंग्रजी फाडफाड बोलायला लागली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर. मम्मीची 'मम' झाली. मला मिठी मारते, वाढदिवसाला कार्ड देते, चांगली पोर आहे, कोणी नावं ठेवणार नाही. पण ठेच लागली, ताप चढला, की तोंडातून 'आई गं' येतं आणि त्यातली आई मी नसते. हे बाहेरच्याला कळणार नाही, मला कळतं.

पीआर झालं. टॅक्सवाल्याने सांगितलं, आता तिकडचं व्याज इथे दाखवावं लागेल. मी सगळ्या ठेवी काढल्या आणि त्यातून ग्लेन वेव्हर्लीतच जुनं घर घेतलं. त्या एका जादा वर्षाचं जे व्याज मिळालं, त्याचा आकडा मला पाठ आहे, पण सांगत नाही, लाज वाटते. इतकंच सांगते की त्यातून आमच्या हॉलमधला कोपऱ्याचा सोफा आला. चांगला आहे सोफा. कापड अजून उसवलेलं नाही.

आता लेक एकोणीस वर्षांची आहे. युनीला जाते, शनिवार-रविवार शॉपिंग सेंटरमधल्या एका दुकानात काम करते. तिचं बचत खातं मीच उघडून दिलं. चार बँकांचे दर लावून बघितले, आणि तिला समजावलं: महिन्यात एकदाही काढलं नाहीस तर बोनस, काढलंस तर गेला. ती हो हो म्हणाली. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून दीड वर्ष पैसे साठवत होती, आणि त्या दीड वर्षात तिने एकदाही बोनस चुकवला नव्हता. मला वाटायचं, गेली बाई माझ्यावर.

गेल्या महिन्यात, एका रविवारच्या दुपारी, कल्याणहून त्याच शेजारच्या काकूंच्या मुलाचा फोन आला. ताई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, परवा ऑपरेशन. माझ्या डोक्यात लगेच मांडणी सुरू: वॉर्डात आधीच दोन जणी रजेवर, माझी सुट्टी मंजूर व्हायला आठवडा जाईल, तोवर तिथे कोणाला सांगायचं. लेकीला मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोनवर बँकेचं ॲप उघडून बसली.

"काय करतेस?" मी म्हटलं.

"बुकिंग अ टिकेट. देअर्स वन टुमॉरो मॉर्निंग."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मी देते पैसे" हे नाही. "आपण दोघी जाऊ" हेही नाही. ते सगळं नंतर सुचलं. मी म्हटलं, "अगं थांब, आज सव्वीस तारीख. चार-पाच दिवसांत महिना संपतोय. एक तारखेला काढ, नाही तर बोनस जाईल."

माझे शब्द माझ्याच कानावर पडले. जीभ झडावी असं वाटलं, खरंच सांगते.

लेकीने मान वर केली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने अगदी शांतपणे, मला समजून घेतल्यासारखं म्हटलं, "इट्स ओन्ली इंटरेस्ट, मम." आणि मग कित्येक महिन्यांनी मराठीत, "तू थांबली असतीस. मला माहितीये." आणि बटण दाबलं.

नवऱ्याने तिला विमानतळावर सोडलं. परत आला तो सरळ सोफ्यावर आडवा झाला. मी वॉर्डात रजेचा अर्ज टाकला आणि फोनची वाट बघत बसले.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी लेकीने हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल केला. ताई पलंगावर, चेहरा उतरलेला, केस पार पांढरे. मला बघून म्हणाली, "बघ गं ही वेडी. कॉलेज बुडवून धावत आली. माझी वेणीफणीसुद्धा हिनेच केली." मी म्हटलं, "मी पुढच्या रविवारी येते ताई." ताई म्हणाली, "ये सावकाश. ही आहे ना." तेवढ्यात औषध द्यायला सिस्टर आली म्हणून लेकीने फोन बाजूच्या टेबलावर तसाच ठेवून दिला. मला नुसतं छत दिसत होतं आणि एक पंखा. भांड्यांचा आवाज आला, पलंग वर केल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला नाही, स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले.

मग लेकीने हाक मारली, "आई!"

आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली. तिला एकच ऐकू गेली.